‘छान आहे की वो’ एवढ्यावर भागत नाही: एका चाचणी डावाचं प्रकरण

नव्या बोर्डगेमचा चाचणी डाव संपल्यावर चार चिठ्ठ्या जमा झाल्या. एकीवर ‘छान आहे. शुभेच्छा!’ दुसरीवर ‘आवडला, पण जरा लांबला.’ तिसरीवर क्रमांक घालून यादी: फेऱ्या १० च्या ६ करा, फासे घाला, नोटा खऱ्यासारख्या छापा. चौथी कोरी होती, तिच्यावर फक्त तेलाचं एक बोट उमटलं होतं. मधल्या चहाबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली होती, त्याचं. खेळ बनवणाऱ्या मुलानं चारही वाचल्या, तिसरी खिशात घातली आणि म्हणाला, “म्हणजे फेऱ्या कमी करतो.”

त्यानं त्या रात्री फेऱ्या कमी केल्या असत्या, तर खेळ तासाभरात संपला असता आणि खेळण्यासारखं फारसं काही उरलं नसतं. हे का, आणि त्याऐवजी चौघांनी काय सांगायला हवं होतं, ते या प्रकरणात आहे.

पटावर काय होतं

नवी पेठेतल्या एका दुकानावरची खोली, रविवारची दुपार, पंखा पाचवर, त्यामुळे पत्त्यांवर वजन म्हणून स्टीलचे पेले. खेळ सोलापूरचाच: प्रत्येक भिडू यंत्रमागाचा कारखानदार. डब्यावर मार्करनं ‘कांडी’ असं कामचलाऊ नाव. पत्ते ३६, त्यांत २४ ऑर्डरी आणि १२ घटना. पत्त्याचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर. एका ए-फोर कागदावर असे ९ बसतात, म्हणजे सगळा खेळ ४ कागदांत छापून झाला. सुताची बंडलं म्हणून चार रंगांची शर्टाची बटणं.

पाळी आली की चारांपैकी कुठलीही दोन कामं करायची: सूत घेणं, विणणं, माल पाठवणं किंवा मागावर जेकार्ड (नक्षी विणणारी जोडणी) बसवणं. पटावर ३ ऑर्डरी उघड्या असतात. कुणी एक पुरी केली की गठ्ठ्यातली पुढची लगेच उघडायची. फेरीच्या सुरुवातीला एक घटना पत्ता: वीज गेली, सुताचा भाव चढला, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा लागली म्हणून मागणी वाढली, असं काहीबाही. फेऱ्या १०, भिडू ४, मनात धरलेला वेळ ६० मिनिटं. प्रत्यक्षात नियम सांगायला २२ मिनिटं गेली आणि डाव ११२ मिनिटं चालला.

टेबलाभोवती डिझायनरचा मामेभाऊ, नवनवे बोर्डगेम विकत घेऊन खेळणारा एक मित्र, शाळेत शिकवणाऱ्या एक बाई, आणि शहराच्या पूर्व भागातले एक निवृत्त जॉबर काका. जॉबर म्हणजे कारखान्यात माग लावून देणारा आणि बिघडला तर सुधारणारा माणूस. काकांच्या घरी तेलुगू, टेबलावर मराठी. डिझायनर स्वतः खेळत नव्हता, हे बरं केलं. पण तोंड बंद ठेवणं त्याला जमत नव्हतं. “नाही नाही काका, ते असं नाही, थांबा” हे वाक्य पहिल्या तीन फेऱ्यांत सात वेळा आलं. डब्यातून डिझायनर बाहेर येणार नसतो, त्यामुळे त्यानं तोंडी भरलेलं प्रत्येक भोक म्हणजे नियमपत्रकातलं भोक.

सात वेळा आलं हे कळलं, कारण पाचवी एक मैत्रीण न खेळता कोपऱ्यात वही घेऊन बसली होती.

वहीत काय होतं

वहीत तिनं मत म्हणून काहीच लिहिलेलं नव्हतं. वेळ, फेरी, पाळी, कोण काय करतंय आणि तोंडातून काय निघालं, इतकंच. काही ओळी तशाच देतो:

फे. २, पा. ३. बाई: “यातलं लाल कुठलं नि मरून कुठलं?” बटणं खिडकीशी नेऊन बघितली.

फे. ४, पा. १. काकांनी बटणं उचलली. ऑर्डरी बघितल्या. बटणं परत ठेवली. २ मि. १० से.

फे. ५, पा. ४. मामेभाऊ मोबाइलमध्ये. “तुझी पाळी” असं सांगावं लागलं.

फे. ६. मार्शल लॉचा पत्ता. खेळ बंद, ६ मिनिटं.

फे. ७, पा. १. काका: “एकदा बीम चढवला की संपेपर्यंत तेच काम चालतंय. मधी कोण बदलतंय वो?” सगळे हसले.

बीम म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेला मागावरचा रूळ. ही शेवटची ओळ लिहून ठेवावी असं चौघांपैकी कुणालाच वाटलं नसतं. काकांना तो अभिप्राय वाटलाच नाही, म्हणून त्यांची चिठ्ठी कोरी. ‘तुमचं मत लिहा’ म्हटल्यावर निम्मी माणसं परीक्षा देतात आणि उरलेली सौजन्य दाखवतात. काकांनी तर आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकून माग सुधारलेले. माग नीट चालत नाही असं विणकर सांगत आला, तर जॉबरला त्यातून काही कळत नाही. उजव्या अंगाला धागा तुटतोय, दर पाच मिनिटांनी, धोटा (आडवा धागा नेणारा) डावीकडून आला की तुटतोय, असं सांगितलं की तो पाना घेऊन उठतो. खेळावरचा अभिप्राय या दुसऱ्या जातीचा हवा. पाना कुठला लावायचा हे विणकरानं सांगायची गरज नसते, आणि सांगितलं तरी जॉबर तो लावेलच असं नाही.

लांबला म्हणजे नेमकं काय झालं

हिशेब सोपा आहे. १० फेऱ्या, ४ भिडू, म्हणजे ४० पाळ्या. ११२ मिनिटांना ४० नं भागलं की पाळीला १६८ सेकंद. ठरलेल्या तासाभरात बसायचं तर पाळीला ९० सेकंद हवेत. मित्रानं सुचवल्याप्रमाणे ६ फेऱ्या केल्या की २४ पाळ्या होतात, आणि १६८ सेकंदांच्या त्याच चालीनं डाव ६७ मिनिटांत आटोपतो. कागदावर काम फत्ते.

पण जेकार्डचं काय? ते घ्यायला ६ नाणी लागतात, आणि घेतलेला भिडू पाठवलेल्या प्रत्येक मालामागे २ नाणी जास्त कमावतो. म्हणजे ३ वेळा माल पाठवला की पैसे वसूल. पहिल्या डावात भिडू साधारण दोन फेऱ्यांमागे एक माल पाठवत होता. तिसऱ्या फेरीत घेतलेलं जेकार्ड आठव्या-नवव्या फेरीत फिटतं आणि नफा शेवटच्या मालावर दिसतो. सहा फेऱ्यांच्या खेळात ते कधीच फिटत नाही. पहिल्या डावात धूर्त असलेला भिडू दुसऱ्या डावात ते घेणारच नाही, आणि जेकार्ड गेलं की उरतं सूत घ्या, विणा, पाठवा. पुढचा अभिप्राय ‘आता जरा सपक झालाय’ असा आला असता, आणि तो कशामुळे हे कुणालाच कळलं नसतं.

मित्राची चूक समजून घेण्यासारखी आहे, कारण जाणकार माणूस ती हमखास करतो. त्याला दुखलं, त्यानं मनातल्या मनात निदान केलं, औषध ठरवलं आणि चिठ्ठीत फक्त औषध लिहिलं. दुखलं कुठं हे चिठ्ठीत आलंच नाही. ‘फासे घाला’चंही तसंच. खोदून विचारल्यावर निघालं की सातव्या फेरीनंतर बाई जिंकणार हे त्याला दिसत होतं आणि त्याला काही उलथापालथ हवी होती. तक्रार खरी आहे. पण ‘फे. ७ नंतर निकाल दिसत होता’ हे वाक्य फाशांपेक्षा दसपट कामाचं, कारण त्याला पाच-सहा वेगवेगळे उपाय निघतात आणि फासे त्यांतला एक आहे, तोही बहुधा वाईट.

मग १६८ सेकंद जात कुठं होते? मैत्रिणीनं १२ पाळ्यांना घड्याळ लावलं होतं: पाळी आल्यापासून पहिलं बटण हलेपर्यंत सरासरी दीड मिनिट. म्हणजे पाळीचा निम्म्याहून जास्त वेळ माणूस हात न लावता बसून. भिडू मंदगती होते असं मुळीच नाही. उघड्या ऑर्डरी ३ आणि एक पुरी होताच दुसरी लगेच पुढं येते. आपली पाळी परत येईपर्यंत तीन जण खेळून जातात आणि तीनांतले एक-दोन पत्ते बदललेले असतात. म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत विचार करून उपयोग शून्य. दोनदा तसा विचार वाया गेला की माणूस तो करणं सोडतो, मोबाइल काढतो, आणि आपली पाळी आल्यावर कोऱ्या पाटीनं सुरुवात करतो. मामेभावाच्या मोबाइलचं आणि काकांच्या परत ठेवलेल्या बटणांचं कारण एकच होतं, आणि दोन्हींपैकी एकही चिठ्ठीवर नव्हतं.

दुसरी बैठक: काय विचारलं, कसं बोललं गेलं

आठवड्यानं सगळे परत बसले, खेळायला नाही, बोलायला. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये कलाकृतीवर बोलण्याची चार पायऱ्यांची एक रीत बसवली. ती नाचासाठी होती, पण खेळाला चपखल लागू पडते. आधी बघणाऱ्यांनी काय भिडलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग करणाऱ्यानं प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी विचारायचे, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. आणि मत अगदी शेवटी, तेही करणाऱ्याला ऐकायचं असेल तर. मूळ रीतीत मत देण्याआधी रीतसर परवानगी मागतात. सोलापुरात तसं कुणी बोललं तर टेबल हसेल, इथं “एक बोलू का?” पुरतं, आणि “बोल की” आल्याशिवाय पुढं जायचं नाही.

पहिली पायरी गुळमुळीत होईल असं वाटलं होतं, झाली नाही. काय लक्षात राहिलं, या प्रश्नावर बाईंनी जेकार्ड बसवल्यानंतरचा पहिला माल सांगितला: “माझ्या एकटीचं नाणं जास्त आलं ना, तेव्हा मजा आली.” काकांनाही तेच आठवलं. डिझायनरला पहिल्यांदा कळलं की त्याच्या खेळाचं काळीज तिथं आहे, आणि फेऱ्या कापायचा बेत तिथल्या तिथं मागे पडला. कौतुक नेमकं असेल तर तेही निदानाच्या कामी येतं: ‘छान’ म्हणून सोडून दिलं असतं तर नेमकं छान तेच कापलं गेलं असतं.

लपलेल्या मताचा नमुनाही मिळाला. मित्रानं विचारलं, “तीनच ऑर्डरी ठेवण्यामागं काही कारण होतं का, की तसंच ठेवलंस?” शेवटचे तीन शब्द प्रश्न नाहीत, टोमणा आहे. डिझायनर लगेच बचावाला उभा राहिला आणि पुढची दहा मिनिटं त्यातच गेली. “ऑर्डरी तीन ठेवल्यास, त्यातून टेबलावर काय घडावं असं तुला वाटत होतं?” असं बाईंनी विचारल्यावर तो थांबला. त्याला भिडूंमध्ये चुरस हवी होती, एकाच ऑर्डरीवर दोघांची नजर. हेतू हा असा बाहेर आला की मगच उपायाला अर्थ. चुरस नकोच असती तर प्रत्येकाला वेगळ्या ऑर्डरी वाटून प्रश्न दोन मिनिटांत सुटला असता, आणि खेळ दुसराच झाला असता.

मामेभावाला ‘कसा वाटला’ विचारून काही निघणार नव्हतं. आत्येभावाचा खेळ, वर आत्याच्या घरचा चहा. तो छानच म्हणणार. नात्यातल्या भिडूला मत विचारूच नये, आठवण विचारावी. “मोबाइल कधी काढलास?” यावर त्यानं बिनधास्त सांगितलं, “माझं झाल्यावर. परत माझी पाळी येईपर्यंत सगळं बदलतंय, मग बघून करू काय?” महिनाभर मिळाला नसता असा अभिप्राय एका वाक्यात आला.

मित्रानं मग आपली यादी फाडून नवीन लिहिली. ती अशी होती:

‘फे. ४ पासून मी दुसऱ्यांच्या पाळीत विचार करणं सोडलं, कारण ३ पैकी १–२ ऑर्डरी बदलायच्या. फे. ५ मध्ये मी हिरवं सूत घेतलं आणि पाळी परत येईपर्यंत हिरवी ऑर्डर गेली. सूत अंगावर पडलं. फे. ७ ला बाईंकडे २१ नाणी, माझ्याकडे ९. तिथून मी नुसता पाळ्या मोजत होतो. जेकार्डचा हिशेब मात्र मी घरी गेल्यावरही करत होतो. उपाय सुचलेत, हवे असतील तर सांगतो.’

यात ‘छान’ किंवा ‘कंटाळवाणा’ असं एकही विशेषण नाही. मोबाइलवरच्या किंवा संगणकावरच्या खेळाबद्दल लिहायचं असतं तर याच्यात आवृत्तीचा क्रमांक, फोनचं मॉडेल आणि जमल्यास स्क्रीनचं रेकॉर्डिंग जोडायचं. बाकी चिठ्ठी हीच.

मार्शल लॉचा पत्ता

हा भाग नाजूक होता. घटनांच्या गठ्ठ्यात एक पत्ता होता: ‘मार्शल लॉ, १९३०. सगळ्यांचे माग एक फेरी बंद.’ तो उघडल्यावर बाई बोलायला लागल्या, काका बोलायला लागले. मे १९३० मध्ये शहरात जारी झालेला लष्करी कायदा, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. सोलापूरकराला ही नावं पुस्तकातून शिकावी लागत नाहीत, पुतळ्यांवरून रोज जाणं-येणं असतं. सहा मिनिटांनी मामेभाऊ म्हणाला, “मग आता माग बंद का चालू?” आणि कुणाला हसावं की नाही ते कळेना.

पहिल्या दिवशी मित्राचा सल्ला होता, काढून टाक, लोक भडकतील. न आलेल्या लोकांच्या वतीनं दिलेला अभिप्राय शक्यतो घेऊ नये. टेबलावरच्या चौघांपैकी कुणी भडकलं नव्हतं. घडलं होतं ते वेगळं. बाईंनी ते असं मांडलं: “त्याच्या आधीचा पत्ता वीज गेल्याचा होता. दोन्हींचा परिणाम एकच, माग एक फेरी बंद. मला ते दोन्ही एका तराजूत टाकल्यासारखं वाटलं. आणि बाकी पत्ते आजचे आहेत, भौगोलिक मानांकनाचा पत्ता आहे, हा एकटाच नव्वद-पंच्याण्णव वर्षं मागचा. तो का ठेवलास?” डिझायनरचं उत्तर प्रामाणिक होतं: सोलापूरचा खेळ आणि त्यात हे नाही, असं कसं चालेल. म्हणजे त्याला मान द्यायचा होता आणि नियमानं त्याचा अडथळा करून ठेवला होता. विषयावरचा अभिप्राय इथंवर यावा: पत्ता भिडूला काय करायला लावतो आणि तू काय म्हणू पाहत होतास, यांतलं अंतर दाखवायचं. पत्ता ठेवायचा की नाही हे ठरवणं टेबलाचं काम नाही. तो सध्या गठ्ठ्यातून निघून डब्याच्या झाकणात पडून आहे.

बटणांचं लवकर मिटलं. ट्यूबलाइटखाली लाल आणि मरून एकच दिसतात, आणि लाल-हिरव्यात फरक न दिसणारी माणसंही असतात, त्यामुळे नुसता रंग बदलून भागत नाही. दोन भोकांची बटणं, चार भोकांची, चौकोनी आणि लाकडी, असे चार आकार घेतले.

दुसरा आणि तिसरा डाव

एका वेळी एकच बदल. हे ऐकायला कंटाळवाणं आहे, पण तीन बदल एकदम केले आणि डाव सुधारला, तर कशानं सुधारला ते कायमचं हरवतं.

दुसऱ्या डावात फक्त ऑर्डरी मांडायची रीत बदलली: उघड्या ऑर्डरी ३ ऐवजी ५, आणि गेलेल्या जागा फेरी संपल्यावरच भरायच्या. मधेच नवीन पत्ता येत नाही म्हटल्यावर भिडू दुसऱ्याच्या पाळीत डोकं चालवायला लागले. डाव ८६ मिनिटांत संपला, पाळीला १२९ सेकंद. मोबाइल एकदाच निघाला, तोही फोन आला म्हणून. पण सूत अंगावर पडणं तसंच राहिलं. वहीत ते ५ वेळा नोंदलं गेलं, कारण डोळा ठेवलेली ऑर्डर दुसरा उचलू शकत होताच.

तिसऱ्या डावाला काकांचं वाक्य कामी आलं. प्रत्येक भिडूसमोर एक चौकोन आखला, त्याला नाव ‘बीम’. पाळीच्या शेवटी पटावरची एक ऑर्डर त्यावर चढवता येते, मग ती दुसऱ्या कुणाची होत नाही; आणि ती पुरी होईपर्यंत दुसरी चढवता येत नाही. काकांनी हा नियम सुचवला नव्हता. त्यांनी मागावर काय चालतं ते सांगितलं, नियम डिझायनरनं केला. म्हणूनच तो शिकवायलाही सोपा गेला: “बीम चढवल्यासारखं” म्हटलं की सोलापुरात पुढं सांगावं लागत नाही. हा डाव ६९ मिनिटांत संपला, पाळीला १०३ सेकंद. चुरस राहिली का, हा डिझायनरचा पहिला प्रश्न होता. राहिली, फक्त ती आता विणण्याच्या आधी, बीम चढवताना होते.

बीमनं नवीन दुखणंही आणलं. मित्रानं दुसऱ्याच फेरीत सर्वांत महागडी ऑर्डर चढवली, सूत घ्यायला पैसे नसताना, निव्वळ बाईंना मिळू नये म्हणून. पाच फेऱ्या ती तिथंच अडकून पडली, त्याचा माग रिकामा आणि बाईंचा जीव वर. बाई वैतागल्या, काकांना मात्र ते पटलं. कारखान्यात असं करणारे त्यांनी पाहिले होते. चौथ्या डावासाठी दोन पर्याय समोर आहेत, चढवलेल्या ऑर्डरीवर फेरीला एक नाणं भाडं, किंवा दोन नाणी दंड भरून बीम उतरवायची मुभा, आणि त्यांतला एकच करून बघायचा आहे. सातव्या फेरीनंतर निकाल दिसतो त्याला अजून कुणी हात लावलेला नाही. या वेळी चिठ्ठ्या वाटलेल्या नाहीत; वहीच्या पहिल्या पानावर डिझायनरनं आपला प्रश्न लिहून ठेवलाय: ‘अडवून ठेवलेली ऑर्डर कुठल्या फेरीला सुटली, आणि तोवर समोरचा काय करत होता?’